नागमोडी चर, खुंट्या की चिरा: कुपवाडच्या टूलरूममधली वॉटर ब्लॉकची तुलना

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली ही टूलरूम आसपासच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्न आणि डाय बनवते. लोखंड ओतल्यावर साच्यात कसं भरेल, कुठे आधी थिजेल आणि कुठे पोकळी धरेल, हे धातू कापण्याआधी कॉम्प्युटरवर बघून घेतात. असं एक सिम्युलेशन संध्याकाळी लावलं की रात्रभर चालतं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, सोळा कोरचा, पाण्यानं थंड होणारा. त्याच्यावर बसतो तो वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा. तक्रार अशी, की थंडीत कामगार यायच्या आत तयार असणारा निकाल एप्रिलमध्ये सकाळच्या चहाची सुट्टी झाली तरी येत नाही.

मालकांचं निदान तयार होतं. "सर, ब्लॉक बदलू. व्हीएमसी आपली, तांबं आपलं. तुम्ही फक्त सांगा, आत डिझाइन कुठलं काढायचं." व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, काम करणारे तात्या मात्र बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "पाणीच गरम असलं तर ब्लॉक काय करणार ओ?" या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. पण मालकांना ब्लॉकच हवे होते आणि मलाही तुलना करायची हौस होती, म्हणून आधी ब्लॉक.

मशीन उघडल्यावर

प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा ४० बाय ४० मिलिमीटरचा ब्लॉक बसवलेला निघाला. पेल्टियर या विजेवर थंड होणाऱ्या पट्टीसाठी ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो. आत एकच चर, वळसे घेत या टोकापासून त्या टोकाला जाणारा. रेडिएटर मात्र तांब्या-पितळेचा, २४० मिलिमीटरचा, दोन पंख्यांचा. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम ठेवलं की दोघांत विजेची जोडी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. त्यातून पाणी भरलेलं ऑफिसातल्या जारचं, म्हणजे क्षार आहेतच. टाकी दुधाळ झाली होती. ब्लॉकचं तोंड खोलून आत काडी फिरवली, तर पांढरा बुळबुळीत गाळ निघाला. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हे आधी कुणी जोडलं त्याच्या खोलात गेलो नाही. तुलना सुरू व्हायच्या आधीच ॲल्युमिनियम बाद झालं, आणि पाणी यापुढे डिस्टिल्ड, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध, हे ठरलं.

मोजायचं काय

ब्लॉकच्या निम्म्या तुलना इथेच फुकट जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

७९५०एक्स हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेला आहे. भार आला की तो वेग वाढवत नेतो आणि २३० वॅटची मर्यादा किंवा ९५ अंश, यांतलं जे आधी येईल तिथे थांबतो. त्यामुळे वाईट ब्लॉक लावा, बरा लावा, स्क्रीनवर आकडा ९५च दिसतो. फरक पडतो तो वेगात. "ब्लॉक बदलला, तापमान तेवढंच, पैसे वाया," असं म्हणणारे लोक मला पुष्कळ भेटलेत. म्हणून आम्ही बायोसमध्ये वीज बांधून टाकली: १८० वॅट, सगळ्या ब्लॉकांना सारखी.

दुसरं, चिपचं तापमान एकटं वाचायचं नाही. उष्णता तीन टप्प्यांनी बाहेर पडते. चिपपासून स्प्रेडर (चिपवरचं धातूचं झाकण) आणि पेस्टमधून तांब्यात, तांब्यातून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमार्गे खोलीच्या हवेत. ब्लॉकची करामत पहिल्या टप्प्याच्या शेवटी आणि दुसऱ्या टप्प्यात. तिसऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. सांगलीत सकाळी आणि दुपारी खोलीच्या तापमानात सहज दहा अंशांचा फरक पडतो. सकाळी एक ब्लॉक आणि दुपारी दुसरा मोजून चिपचे आकडे शेजारी मांडले, तर ती तुलना हवामानाची होते. आम्ही टाकीत एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, सोडला, दुसरा रेडिएटरच्या हवेच्या तोंडाशी टांगला, दोन्ही आधी एकाच बादलीत बुडवून एकसारखे वाचतात याची खात्री केली. प्रत्येक वेळी लिहायचं ते चिप वजा पाणी. लूपमधल्या साधारण लिटरभर पाण्याचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर वहीला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक ब्लॉक काढून, पेस्ट पुसून, परत बसवून पुन्हा मोजायचा, कारण पेस्टच्या एका बऱ्यावाईट थरानं दीड-दोन अंश इकडे-तिकडे होतात. दोन चांगल्या ब्लॉकांमधला फरकही कधीकधी तेवढाच असतो.

तात्यांचे तीन ब्लॉक आणि एक विकतचा

तांबं म्हणून बसबारचा तुकडा घेतला, ५० बाय १० ची पट्टी. पॅनेल बनवणाऱ्यांकडे कटपीस मिळतात आणि हे विद्युत दर्जाचं तांबं उष्णतेलाही उत्तम, मीटर-केल्विनला ३९० वॅटच्या आसपास. नळीच्या जोडांना लागणारे आटे पाव इंची बीएसपी समांतर, १९ आट्यांचे. कॉम्प्युटरवाले त्याला काहीतरी खास समजतात. हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या कुपवाडातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो टॅप पडलेला असतो. ११.८ चं ड्रिल, वर टॅप, झालं.

पहिला ब्लॉक नागमोडी. चार मिलिमीटरच्या एंडमिलनं चार मिलिमीटर खोल चर, मध्ये दोन मिलिमीटरच्या भिंती. व्हीएमसीला सगळ्यात सोपं काम, म्हणून घरी बनवणारा प्रत्येक जण आधी हेच काढतो. दुसरा खुंट्यांचा: एक मिलिमीटरच्या स्लिटिंग सॉनं उभे आणि आडवे काप, मध्ये उरल्या एक मिलिमीटरच्या चौकोनी खुंट्या, प्रवाहाला पंचेचाळीस अंशांत फिरवलेल्या. तिसरा सरळ चिरांचा: अर्ध्या मिलिमीटरचा सॉ, अर्ध्या मिलिमीटरच्या भिंती, तीन मिलिमीटर खोली.

तिसऱ्यात तात्यांचं कसब दिसलं. सॉची चकती गोल असते. ६३ मिलिमीटरची चकती तीन मिलिमीटर खोल घातली, की वर सव्वीस-सत्तावीस मिलिमीटरची चीर पडते आणि तळ धनुष्याकृती उरतो. खळगा काढून त्यात चिरा पाडायला गेलं तर दोन्ही टोकांना चकती ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, जागा खाऊन टाकणार. तात्यांनी उलटं केलं. मध्ये ३० बाय ३० चा चौथरा उभा ठेवला, भोवतालची ओ-रिंगची पातळी तीन मिलिमीटर खाली उतरवली आणि चकती चौथऱ्यातून आरपार काढली. खळगा गेला वरच्या डेलरिन प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. तांबं चिकट, जरा घाई केली की भिंत वाकते आणि बर, म्हणजे कापताना कडेला उरणारा धातूचा कचरा, शेजारच्या चिरेत जाऊन बसतो. तात्या सोल्युबल ऑइलची धार सोडून हळूहळू कापत होते आणि प्रत्येक चिरेतून फीलर गेजचं पातं फिरवून बघत होते. ज्या चिरेत पातं अडकेल तिथे ब्लेडचा तुकडा घेऊन बर काढायचा, मग पुढची.

चौथा ब्लॉक विकतचा, या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटसाठीचा, निकेल चढवलेला. त्याचे फिन, म्हणजे आतल्या पातळ उभ्या भिंती, कापून काढलेले नसतात. धारदार हत्यारानं तांब्याचा पापुद्रा उचलून उभा करतात, याला स्कायव्हिंग म्हणतात. त्यामुळे भिंत आणि फट दोन्ही मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जमतात. हे सॉनं होणं नाही.

पाण्याला टेकणारा पृष्ठभाग मोजला तर चित्र असं: मधल्या ३० बाय ३० च्या जागेत नागमोडीत साधारण १८ चौरस सेंटिमीटर, खुंट्यांत ३४, चिरांत ५८, आणि विकतच्यात त्याच्याही दुप्पट. पण नुसता पृष्ठभाग वाढतो म्हणून बारीक फटी चांगल्या, हे अर्धं उत्तर झालं. अरुंद फटीत पाणी संथ, थरांनी वाहतं आणि अशा प्रवाहात उष्णता घेण्याची क्षमता फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात वाढते. फट निम्मी केली की प्रत्येक चौरस सेंटिमीटर दुप्पट काम करतो. हे १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीज यांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉनच्या चिरा पाडून दाखवलं. त्यांनी दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढले. आमच्या चिपमध्ये दोन्ही कोर-तुकड्यांवर मिळून ते दर चौरस सेंटिमीटरला शंभरच्या घरात भरतं.

"पाणी जरा रमत जाऊ दे"

प्रवाह मोजायला परतीची नळी मोजपात्रात सोडली आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. डी५ पंप पूर्ण वेगानं चालू, रेडिएटर तोच. नागमोडी ब्लॉकमधून मिनिटाला जेमतेम दोन लिटर. खुंट्या आणि चिरांमधून पाचच्या आसपास. विकतच्यातून चारेक.

बारीक चिरांमधून जास्त आणि रुंद चरातून कमी, हे बघून मालक चक्रावले. पण नागमोडीत सगळं पाणी एकाच वाटेनं जातं आणि दर वळणावर दाब खर्च होतो. चिरांच्या कव्हरमध्ये पाणी मधोमध एका लांबट फटीतून खाली उतरतं आणि दोन्ही बाजूंना फुटतं. साठेक छोट्या वाटा, प्रत्येक फक्त पंधरा मिलिमीटरची. हेच पाणी एका कडेनं आत आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढलं असतं तर वाट दुप्पट लांब, वाटांची संख्या निम्मी, म्हणजे चिरांमधला दाब चौपट. डी५ सारख्या पंपाचं हेड, म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती उंच ढकलेल ते, चार मीटरला जरा कमी. बिनविरोध वाहू दिला तर ताशी १५०० लिटर. पंपांची किर्लोस्करवाडी इथून तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे हेड आणि डिस्चार्जचा आलेख या भागात कुणाला शिकवावा लागत नाही. मालकांनी तो क्षणात ओळखला.

तरीही त्यांचा एक मुद्दा होता, आणि तो मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्याची दखल घ्यायलाच हवी. "सर, नागमोडीत पाणी जास्त वेळ राहतं ना? जरा रमत जाऊ दे, उष्णता घेऊ दे." हिशोब असा. मिनिटाला दोन लिटर पाण्यात १८० वॅट सोडले तर आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी यांत १.३ अंशांचा फरक पडतो. पाच लिटरला अर्धा अंश. लूप बंद आहे, तेच पाणी फिरून येतं. रमत गेलं तरी बाहेर न्यायची उष्णता तेवढीच. हळू नेण्यात फायदा शून्य. उलट पाणी संथ झालं की तांब्यालगतचा थर तिथेच तापून बसतो.

आकडे

१८० वॅटला विकतच्या ब्लॉकनंही चिप आणि पाणी यांत चाळीसच्या जरा खालचा फरक ठेवला. चिरांचा त्याच्या मागे तीनेक अंश. खुंट्या आणखी दीड-दोन अंश मागे. नागमोडी सगळ्यांत शेवटी, विकतच्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी गरम.

खुंट्यांबद्दल मला जास्त आशा होती. आडव्या कापांनी प्रवाह मोडतो, दर खुंटीवर नव्यानं सुरू होतो, हे खरं. पण त्याच कापांनी पृष्ठभागही खाल्ला जातो आणि सॉ एक मिलिमीटरचा असल्यानं फटी रुंद राहिल्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खुंट्या काढल्या असत्या तर कदाचित चिरांना गाठलं असतं, पण तेवढं बर काढायला तात्या तयार नव्हते आणि त्यांचं बरोबर होतं.

आता त्या चाळीस अंशांकडे बघा. सगळ्यात चांगल्या ब्लॉकमध्ये तांब्यातून पाण्यात जाताना फक्त दोन-तीन अंश खर्च होतात, गणितानं तसंच येतं. चिरांमध्ये सहाच्या जवळ. बाकीचे सगळे अंश चिपच्या सिलिकॉनमध्ये, वरच्या जाड स्प्रेडरमध्ये आणि पेस्टमध्ये जातात. तिथे ब्लॉकचा हात पोचत नाही. म्हणूनच बाजारात दरवर्षी येणारे 'नवीन फिन रचना' वाले ब्लॉक एकमेकांच्या अंशा-दीड अंशात असतात. उरलेल्या दोन-तीन अंशांतून किती वाचवणार? फिन आणखी खोल करूनही उपयोग नाही. इतक्या पातळ भिंतीत उष्णता टोकापर्यंत चढेस्तोवर बरीचशी पाण्यात उतरलेली असते, टोक नुसतंच उभं राहतं.

जागा मात्र महत्त्वाची ठरली. या प्रोसेसरच्या पोटात तीन तुकडे आहेत: कोरचे दोन शेजारीशेजारी, आणि एक इनपुट-आउटपुटचा. कोरचे तुकडे मध्यभागी नाहीत, मदरबोर्डच्या खालच्या अंगाला सरकलेले आहेत. एअर कूलरवाल्या नॉक्टुआनं याच कारणानं एएम५ साठी कूलर बसवायच्या ७ मिलिमीटर सरकवलेल्या पट्ट्या काढल्या आणि त्या एक ते तीन अंश वाचवतात असं म्हटलं. आमच्या ब्लॉकची पट्टी आम्हीच बनवत होतो, भोकं खाली सरकवायला कुणाची परवानगी लागणार? ब्लॉक सरकवला, आणि शिवाय फिरवला. आधी कव्हरची फट उभी होती, थंड पाणी दोन कोर-तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर उतरत होतं. आडवी केल्यावर ते दोन्हींच्या डोक्यावर उतरायला लागलं. दोन्ही मिळून दोन अंश सुटले. म्हणजे विकतच्याशी असलेलं अंतर बहुतेक भरून निघालं, आणि त्यासाठी तांब्याचा एक कणही कापावा लागला नाही.

फिनखालचं तांबं तीन मिलिमीटरवरून दोनवर आणलं, तर अंशभर मिळाला. त्याखाली जायचं नाही असं ठरवलं, स्क्रू आवळले की तळ वाकतो. तळ सपाट आहे का ते सरफेस प्लेटवर ब्लू लावून बघितलं, मध्यभागी रंग नीट उठत होता. तेवढ्यावर थांबलो.

तात्यांच्या प्रश्नाकडे

सगळे ब्लॉक मोजून झाल्यावर दुसरा थर्मिस्टर मालकांसमोर ठेवला. एका २४० च्या रेडिएटरवर, पंपाची उष्णता धरून साधारण २०० वॅटला पाणी हवेपेक्षा बारा अंशांनी गरम राहत होतं. आणि ती 'हवा' म्हणजे बाहेरची नव्हे. कॅबिनेट टेबलाखाली, मागे भिंत, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर. बाहेर ३८ असताना रेडिएटरच्या तोंडाशी ४३ दिसले. त्यात बारा मिळवा, पाणी ५५. त्यात चाळीस मिळवा. विकतचा सर्वोत्तम ब्लॉक लावूनही चिप ९५ ला.

एवढं झाल्यावर मालकांनी ब्लॉकचा विषय स्वतःच बाजूला ठेवला. त्याच मापाचा दुसरा रेडिएटर घेतला, पाणी आणि हवेतलं अंतर बारावरून सहावर आलं. कॅबिनेट टेबलावर, कॉम्प्रेसरच्या भिंतीपासून लांब. हवेच्या तोंडाला जाळी, कारण इथल्या हवेत कास्टिंगची धूळ असते आणि ती आठवड्याला झटकावी लागते. एवढ्यानंच अकरा अंश गेले, म्हणजे नागमोडीपासून विकतच्या ब्लॉकपर्यंतच्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त. बाहेर ३८ असताना चिप आता ८५ च्या आत-बाहेर असते आणि सकाळचा निकाल वेळेवर येतो.

मशीनवर बसलाय तो तात्यांचा चिरांचा ब्लॉक. विकतचा किंचित सरस आहे हे सगळ्यांना मान्य आहे, तरी मी त्याच्या विरुद्ध मत दिलं. ०.२ मिलिमीटरच्या फटीत नळीच्या प्लॅस्टिकमधून सुटणारा चिकटा, रेडिएटरमधला डाखाचा उरलेला फ्लक्स, काहीही जाऊन बसतं. मालकांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. ठिबकला आधी फिल्टर लावल्याशिवाय ड्रिपर टिकत नाहीत हे त्यांना माहीत, तसंच हेही. फिल्टर लावला की हेड खातो. अर्ध्या मिलिमीटरची चीर निदान चार स्क्रू काढून दातांच्या ब्रशनं धुता येते, आणि ओ-रिंग गावभागातही मिळते. नवा रेडिएटर जोडण्याआधी गरम डिस्टिल्ड पाण्यानं खळखळवून धुतला, तेव्हा निघालेला काळा कचरा बघून मालकांनीही जास्त वाद घातला नाही.

विजेची मर्यादा १८० वॅटवर तशीच ठेवलीय. त्याखालीही जाता येतं. एएमडीच्या इको मोडमध्ये १०५ वॅटची पायरी निवडली की प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटवर थांबतो. अशा सिम्युलेशनमध्ये बराच वेळ प्रोसेसर मेमरीची वाट बघत असतो, त्यामुळे तिथे वेग फारसा पडत नाही. दिवाळीनंतर ते दुसरं मशीन घेणार आहेत. त्याला वॉटर कूलिंग नको, १४२ वॅटला चांगला मोठा एअर कूलर पुरे, असं मी लिहून दिलंय. मालक अजून हो म्हणालेले नाहीत. तात्यांनी ०.३ मिलिमीटरच्या सॉचा भाव काढून ठेवलाय.